न विचारता काढलेला झोपाळा

रविवारी दुपारची जेवणं आटोपली की घिवलीच्या दिनानाथ चुरी सरांच्या ओटीवरून एक फोन जात असे. पुण्यात नोकरी करणाऱ्या लेकीला, वैष्णवीला. तो फोन आरतीसारखा ठरलेला होता. शब्द बदलत नसत, चाल बदलत नसे आणि अर्थाकडे कुणाचंच लक्ष नसे.

"जेवलीस?"

"हो. तुम्ही?"

"हो. तब्येत?"

"बरी आहे."

"काम?"

"चालू आहे."

"बरं, आईला देतो."

मग फोन मंदाताईंच्या हाती जाई आणि तिकडे बोलण्याचा बांध फुटे. कोथिंबिरीपासून कंपनीतल्या मैत्रिणीच्या साखरपुड्यापर्यंत सगळं वाहून येई. सर झोपाळ्यावर बसून, आपल्याला यातलं काही ऐकायचं नाही असा चेहरा करून, शब्द न शब्द ऐकत.

हे तेच बाप-लेक, बरं का. याच झोपाळ्यावर एकेकाळी मांडीवर पाटी घेऊन दोघं अवयव पाडत बसायचे. झोपाळा पुढे गेला की लेकीने एक पायरी सांगायची, मागे आला की बापाने. उत्तर आलं की पाय टेकून झोपाळा थांबवायचा आणि दोघांनी मिळून पडताळा घ्यायचा. सरांच्या वर्गात पडताळ्याला फार मान. उत्तर बरोबर असूनही पडताळा नसेल तर ते अर्धा गुण कापीत, आणि घरच्या विद्यार्थिनीलाही सूट नसे. ती गणितं संपली, पाटी माळ्यावर गेली, आणि बोलायचं काय हे दोघांनाही आठवेना.

एका रविवारी फोन ठेवता ठेवता मंदाताई म्हणाल्या, "आपली वैशू म्हणे सुट्टीच्या दिवशी फुकट गणितं करते."

"फुकट? कुणाची?"

"कुणाची नाय. जगाची. कसला तरी प्रोग्राम हाय, तो बीजगणित सोडवतो. तो म्हणे सगळ्यांनी मिळून लिवलाय. त्यात हिचापण हात हाय."

झोपाळा थांबला. बीजगणित! सरांच्या मनात पहाटेच्या खाडीसारखं काहीतरी भरून आलं. लेकीशी बोलायला विषय सापडला होता, आणि तोही असा, की ज्यात बापाची हयात गेली. बोईसरच्या कॉलेजात अकरावी-बारावीला गणित शिकवता शिकवता त्यांचे केस पांढरे झाले होते. आता शहाण्या माणसाने काय करावं? पुढच्या रविवारी 'काम?' याच्या जागी 'तो प्रोग्राम काय गं?' एवढं विचारावं. तीन-चार शब्दांचं काम. पण सर गणिताचे होते. त्यांनी लांबची रीत धरली. आधी तो प्रोग्राम आपण मुळापासून वाचायचा, त्यात मोलाची भर घालायची, ती स्वीकारली गेली की मग फोन करून सहज सांगायचं, 'अगं, तो मी.' लेकीपुढे अडाणी म्हणून उभं राहायचं नाही, एवढीच त्यांची अट. ही अट त्यांना फार छोटी वाटली होती.

*

हे असले प्रोग्राम मुक्त असतात. म्हणजे नुसता वापरायला नव्हे, तर तो आतून कसा लिहिलाय तो सगळा सोर्स कोडही वाचायला मिळतो. सरांनी तो मोबाइलच्या नेटवरून उतरवून घेतला आणि चष्मा पुसून उघडला. आत कंस होते. कंसाच्या पोटात कंस, त्याच्या पोटात कंस, आणि ओळीच्या शेवटी पापलेटच्या अंगावर खवले असावेत तसे एकाला एक चिकटलेले कंस. जन्मभर पोरांना 'आधी कंस सोडवा' असं दरडावणाऱ्या माणसावर कंसांनी उगवलेला तो सूड होता.

वाचून कळेना म्हणून चालवून पाहावा, तर तो आधी बांधावा लागतो. बांधायला गेलं की तो म्हणे, मला अमुक एक जोडप्रोग्राम हवा. तो आणला तर त्याला आणखी दोघं हवेत. सरांना मोठ्या मेव्हण्याच्या मुलीचं लग्न आठवलं. एका साडूला बोलावलं तर त्याच्या व्याह्यांना बोलवावं लागलं, आणि व्याही आले ते भजनी मंडळ घेऊन. प्रोग्रामचंही भजनी मंडळ जमलं, जुना कॉम्प्युटर भरला आणि तापून घरघरायला लागला. मंदाताईंनी त्यावर बोंबील तेवढे वाळत घातले नाहीत.

मंदाताई पंचक्रोशीतल्या लग्नांत हळदीची गाणी म्हणणाऱ्या. त्यांना राग आला की तो सरळ येत नाही, चालीत येतो. स्वयंपाकघरातून ऐकू आलं,

*नव्या सवतीचा गं माझ्या, चौकोनी तो मुखडा*
*तिच्यापुढे बसे धनी, निवे ताटातला तुकडा*

"येतोय, येतोय," सर म्हणाले आणि आले नाहीत.

मग शेजारचा ललित आला. ललित बोईसरच्या एका कारखान्यात मशीन सांभाळतो, आणि मशीन म्हटलं की मग ते शिवणाचं असो की हृदयाचं, त्याचा सल्ला तयार असतो.

"सर, फॉरमॅट मारा."

"अरे, मला तो वाचायचाय."

"फॉरमॅट मारून वाचा. टेन्शन नाय लेने का. आमच्या सेक्शनला बिहारचा एक पोऱ्या हाय, तो म्हणतो, पहले बंद करो, फिर चालू करो. आदे मशीन तेनंच सुधारतात."

"आणि उरलेली अर्धी?"

"ती भंगारात देतो आमी."

सल्ल्यापेक्षा ललितने केलेली जाहिरात महागात पडली. 'सर परदेशी कोड फोडतायत' असं तो नाक्यावर कौतुकाने सांगत सुटला. घिवलीच्या अंगाला अणुवीज केंद्र. इथे कुणी दुर्बिणीतून बगळा पाहिला तरी चार जण विचारतात. तेव्हा एका सकाळी चौकीतले नामदेव हवालदार ओटीवर येऊन बसले. चहा झाला, बिस्किटं झाली. मग टोपी मांडीवर ठेवून त्यांनी विचारलं,

"सर, कोड फोडताय म्हणे?"

"फोडत नाही हो, वाचतोय. तो उघडाच आहे."

"उघडा कुणी ठेवला?"

"ज्यांनी लिहिला त्यांनीच."

"विसरले असतील. कळवलंत का त्यांना?"

"मुद्दाम ठेवलाय. कुणीही वाचावा, दुरुस्त करावा, परत द्यावा."

"आणि याचे पैसे?"

"कुणालाच मिळत नाहीत."

समोरच्या चिकूच्या झाडाआड कुणी ऐकत नाही ना, हे हवालदारांनी पाहून घेतलं. मग खालच्या आवाजात म्हणाले, "मग सर, यात गुन्हा नेमका कुठे धरायचा?"

"सापडला तर मीच येऊन सांगेन."

"तेवढं करा," हवालदार समाधानाने उठले, आणि जाताना मुलाची वर्गसमीकरणं सरांच्या गळ्यात घालून गेले.

ही बातमी कॉलेजात पोचली. प्राचार्य म्हणाले, बाहेरचं काम करताय तर वरून परवानगी हवी. म्हणून सर स्कूटर काढून कोळगावला, जिल्ह्याच्या मुख्यालयात गेले. तिथल्या त्या भव्य इमारतींत योग्य खिडकी सापडेपर्यंत त्यांच्या चपलेचा अंगठा तुटला. खिडकीतल्या बाईंनी आपुलकीने विचारलं, "संस्थेचा पत्ता?" सर म्हणाले, "पत्ता नाही, माणसं जगभर पसरली आहेत." "मग ना-हरकत पाठवायची कुठे?" प्रश्न रास्त होता. "तुम्ही असं करा," बाई म्हणाल्या, "हा छंद आहे असं माना. छंदाला परवानगी लागत नाही." पायाची चप्पल हातात घेऊन सर परतले. पन्नाशी उलटलेल्या माणसाच्या तपश्चर्येला सरकारदरबारी छंद म्हणतात, हे त्यांना चपलेपेक्षा जास्त लागलं.

*

आता झोपाळ्याकडे येऊ. टाळून भागणार नाही.

मोबाइलचं नेट पुरेना, म्हणून घरात तारेचं इंटरनेट आणायचं ठरलं. तार टाकणारा धीरज शिडी घेऊन आला. माजघराची भिंत जुन्या विटांची, त्याचं ड्रिल तिथे रुतून बसलं. तो म्हणाला, "डबा ओटीवरच लागंल, सर. टेबलपण इथंच टाका." ओटीवर टेबल मावेल अशी जागा एकच होती, आणि त्या जागेवर झोपाळा झुलत होता.

रुंद सागवानी फळी, दोन माणसं ऐसपैस बसतील अशी. चार पितळी साखळ्या. वरच्या तुळईत लोखंडी कड्या. वारा सुटला की कड्या आपसूक बोलत, आणि मंदाताई म्हणत, घरातलं एवढंच एक बोलकं माणूस राहिलंय.

"झोपाळा द्या ना मला," ललित म्हणाला. "माजा मेवणा पुंडलिक, तेचं मनोरला हायवेवर हॉटेल हाय. गिऱ्हाइकांना बसायला तेला असलाच पायजेल हाय. इथं बसतंय कोण आता?"

मंदाताई दारात येऊन उभ्या राहिल्या. "वैशूला विचारा आदी."

"तिला काय विचारायचं त्यात?" सर म्हणाले. "ती पुण्यात फिरत्या खुर्चीवर बसते. तिला काय करायचाय झोपाळा?"

"तरीपण विचारा. फोन हाय ना हातात."

"अगं, मी तिचा बाप आहे. मला ठाऊक आहे."

फळी उतरवली तेव्हा तिने तक्रार केली नाही. साखळ्याही मुकाट गोळा झाल्या. कड्या मात्र तुळईत राहिल्या, आणि टेम्पो वळणाआड गेल्यावर वारा नसताना एकदा करकरल्या. असं आपलं मंदाताई सांगतात.

*

टेबल आलं, तार आली आणि सर खरोखरच कोडात शिरले. चिकाटी दांडगी. हळूहळू त्या कंसांच्या जंगलात त्यांना पायवाट दिसू लागली. असे मुक्त प्रोग्राम एकाहून अधिक आहेत. वैष्णवीचा होता तो सोडवण्यात पटाईत, पण पायऱ्या दाखवत नसे. दुसरा एक होता तो पायऱ्या दाखवी. सरांनी बेत केला की दुसऱ्याचा पायऱ्यांचा भाग काढून पहिल्यात जोडायचा. कलम बांधतात तसा. चिकूच्या वाडीतल्या माणसाला हे काही अवघड वाटलं नाही.

कलम जोडलं. पहिल्याच गणिताला जुन्या प्रोग्रामने कंस सोडवले. नव्या भागाने ते पाहिलं आणि पुन्हा कंस घातले. जुन्याने परत सोडवले. नव्याने परत घातले. थांबायला कुणी तयार होईना. मंदाताईंनी मागे उभं राहून थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "तुमी आन तुमची आई. खिडकी ती उगडायची, तुमी लावायचा."

तेही निस्तरलं. मग आला खरा अडथळा. गणित दिलं की प्रोग्राम उत्तराआधी उलटा प्रश्न विचारी, *a धन आहे, ऋण आहे की शून्य?* सरांचं डोकंच उठलं. प्रश्न विचारणं हे शिक्षकाचं काम. यंत्राने मुकाट उत्तर द्यावं. आणि यात विचारायचं काय? पाठ्यपुस्तकात पहिल्याच ओळीला 'a धन आहे असे मानू' म्हणायचं आणि पुढे सुटायचं. सरांनी आजवर किती गोष्टी अशा मानल्या असतील! हा चौकस भाग कुणी लिहिला म्हणून त्यांनी फाइलचा माथा पाहिला. तिथे नाव होतं, वैष्णवी चुरी.

सरांना हसू आलं. लहानपणापासूनच कार्टी प्रश्न फार विचारायची.

त्यांनी तो प्रश्न काढून टाकला, त्याजागी 'धन मानू' घातलं, प्रत्येक पायरीमागे आपल्या आवडीची तपासणी बसवली, आणि हा बदल प्रोग्रामवाल्यांकडे रीतसर पाठवला. पाठवताना टोपणनाव मागितलं गेलं. सरांनी दारातल्या चिकूकडे पाहून जातीचं नाव टाकलं, कालीपत्ती. आपल्याला कुणी ओळखणार नाही याची त्यांना शंभर टक्के खात्री होती. तपासण्यांना नावंही त्यांनी इंग्रजी अक्षरांत 'पडताळा एक', 'पडताळा दोन' अशी दिली होती.

उत्तर आलं ते वैष्णवीचं. त्या भागातले बदल तीच तपासत असे. आधी इंग्रजीत, मग 'आपण मराठी दिसता' म्हणून मराठीत.

'आपली मेहनत दिसते आहे. पण हा बदल घेता येणार नाही. a विषयी आपल्याला माहिती नसेल तर मानू नये. विचारावं.'

लेकीने बापाला 'आपण' म्हटलं होतं आणि नापासही केलं होतं. सरांचा स्वाभिमान दुखावला. त्यांनी लांबलचक प्रतिवाद लिहिला. तिने तितकाच लांबलचक खोडला. त्यांनी दुरुस्त केलं, तिने आणखी एक चूक काढली. आणि काय सांगावं, सर सकाळी दात घासायच्या आधी निरोप बघू लागले! 'शून्य असेल तर आपण शून्याने भागतो आहोत, हे लक्षात आलं का?' असं ती लिही, आणि सरांना झोपाळा पुढे गेल्यासारखं वाटे. ते उत्तर लिहीत, आणि झोपाळा मागे येई. रविवारच्या फोनवर मात्र तेच. 'जेवलीस?' 'हो.' फोन ठेवल्यावर दोघंही आपापल्या गावी कॉम्प्युटरसमोर बसून मघाशी न बोललेलं एकमेकांना लिहीत.

सांगून टाकावं असं त्यांना कितीदा वाटलं. पण बदल एकदा स्वीकारला जाऊ दे, मग. नापास झालेल्या विद्यार्थ्याने ओळख काय सांगायची?

एकदा धीर करून त्यांनी परक्यासारखं विचारलं, 'हा प्रश्न विचारणारा भाग आपण का लिहिलात?'

उत्तर यायला दोन-तीन दिवस लागले.

'आमच्या घरी ओटीवर झोपाळा आहे. बीजगणित मी त्यावर शिकले. वडील उत्तम शिकवत. पण ते सगळं मानून चालतात. मी बरी आहे असं मानतात, जेवले असं मानतात, मला काय हवंय तेही मानतात. विचारतात, पण उत्तराला थांबत नाहीत. म्हणून वाटलं, निदान यंत्राने तरी विचारावं आणि थांबावं. दसऱ्याला घरी जाते आहे. या वेळी झोपाळ्यावर बसून त्यांच्याशी बोलणार आहे. एक निर्णय घ्यायचाय. तिथेच घेता येईल असं वाटतं.'

सरांनी निरोप वाचला. मग मान वर केली. डोक्यावर, टेबलाच्या बरोबर वर, तुळईत रिकाम्या कड्या होत्या.

*

"मनोरला चल," सर ललितला म्हणाले. "आत्ता."

"सर, दिलेली वस्तू परत मागायला बरं दिसंल का?"

"बरं दिसत नाही. चल."

हॉटेलच्या दारात झोपाळा होता. होता म्हणजे, त्याला गुलाबी ऑइलपेंट दिला होता, साखळ्यांच्या जागी प्लॅस्टिकची फुलं गुंडाळलेले दोर होते, आणि त्यावर सुरतेकडच्या बसमधलं एक कुटुंब आळीपाळीने फोटो काढत होतं. सर त्यांच्या मागे रांगेत उभे राहिले. त्यांचा नंबर आला तेव्हा त्या कुटुंबातल्या काकांनी प्रेमाने विचारलं, "अंकल, आपका भी खींच दूँ?"

सरांनी जवळ जाऊन फळीवर वीत टाकून पाहिली. फळी आखूड होती.

"खांबांत बसंना, म्हणून अर्दी कापली," पुंडलिक म्हणाला.

"आणि उरलेली?"

पुंडलिकने बोट दाखवलं. नळाशेजारी भिंतीवर उरलेली अर्धी फळी खिळ्यांनी ठोकली होती आणि तिच्यावर रंगवलं होतं, 'हात धुण्याची जागा'.

"साखळ्या?"

"भंगारवाला आलावता."

"अहो, कापायच्या आधी एका शब्दाने विचारायचंत तरी!"

पुंडलिकला खरोखरच नवल वाटलं. "सर, तुमाला काय विचारायचं तेच्यात? तुमाला नको होता म्हणून तर दिलात. मला ठावकच होतं."

वाक्य ओळखीचं होतं. आवाज तेवढा दुसऱ्याचा होता.

शेवटी ललितने मेहुणेपणाची आण घालून गुलाबी अर्धी फळी सोडवली. भिंतीवरची काही मिळाली नाही. तिच्यावाचून गिऱ्हाईक हात कुठे धुणार? परतीच्या टेम्पोत सर फळी मांडीवर घेऊन बसले होते. ललित पहिल्यांदाच कसला सल्ला न देता गाडी चालवत होता.

*

वैष्णवी आली ती बोईसरहून रिक्षाने. पाठीला सॅक, हातात आईसाठी बाकरवडी. ओटीच्या पायरीवर ती थबकली. तिने टेबल पाहिलं, तार पाहिली, मग वर कड्या. मंदाताई 'पाणी आणते' म्हणून आत गेल्या आणि पाणी शोधायला त्यांना फार वेळ लागला.

"हे काय?" भिंतीला टेकवलेल्या गुलाबी फळीकडे बघून ती म्हणाली.

"झोपाळा," सर म्हणाले.

"एवढाच?"

"उरलेला मनोरला आहे. लोकांना हात धुवायला लावतो."

तिला हसू फुटलं. मग ते अर्ध्यावरच विझलं. ती पायरीवरच बसली, सॅक पाठीवरून न काढता.

"वैशू, एक सांगायचंय," सरांनी घसा साफ केला. "तो कालीपत्ती—"

"माहितीये, पप्पा."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. पडताळा एक, पडताळा दोन. वरून कालीपत्ती. आणि खाली लिहिलं होतंत, पुढील पायरी विद्यार्थ्याने स्वतः करावी. जगात दुसरं कोण असणार?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही तिथे विचारत होतात. फोनवर नव्हतात विचारत. मला वाटलं, सांगितलं तर तिथलंही बंद पडेल." ती फळीवरून बोट फिरवत होती. बोटाला गुलाबी रंग लागला. पुंडलिकचा स्वस्त पेंट एव्हाना सुटायला लागला होता. "तो झोपाळ्याचा निरोप मी तुम्हालाच लिहिला होता. वाटलं, वाचाल आणि फोन कराल."

वाचून फोन करायचा होता. सर मनोरला गेले होते.

"तेव्हा हा इथे नव्हताच," ते म्हणाले. "आई म्हणाली होती, वैशूला विचारा. मी म्हटलं, मला ठाऊक आहे."

वैष्णवीने फळी उचलून मांडीवर घेतली, उभी-आडवी फिरवून पाहिली. कापलेल्या कडेचं लाकूड आत अजून पिवळं, ताजं होतं.

"अर्धा गुण कापला, पप्पा," ती म्हणाली.

मंदाताईंनी माळ्यावरून काथ्याचा दोर काढून दिला. बाप-लेकीने टेबल सरकवलं आणि फळी टांगली. पण कड्या दूर दूर आणि फळी आखूड, त्यामुळे दोर तिरके आले. झोपाळा सरळ जाईना. जरा पुढे जाऊन गिरकी घ्यायचा. आणि त्यावर जागा एकाचीच.

"तू बस," सर म्हणाले.

"तुम्ही बसा."

"विचारतोय. तुला बसायचंय का?"

तिने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि बसली. सरांनी मागे उभं राहून हलका झोका दिला. आतून मंदाताईंचा आवाज आला, मुद्दाम ऐकू जावा इतका बारीक,

*ओटीवरचा झोपाळा, अर्धा उरला, डुलतो*
*लेक बसली फळीला, बाप मागून झुलवतो*

"पप्पा, तुमचा तो बदल," वैष्णवी म्हणाली, "मी घेणार नाहीये. धन मानू वाला."

"घेऊ नकोस," सर म्हणाले. "त्या प्रश्नाचं मराठी तेवढं करून देईन म्हणतो. धन, ऋण की शून्य. चालेल?"

"चालेल."

झोपाळा वाकडा पुढे गेला, वाकडा मागे आला. हात पोचेल इतका जवळ आला तेव्हा सरांनी दोर धरून तो थांबवला. विचारायचं ते इतकं साधं होतं की त्यांना त्याची रीतच सापडेना.

"तो निर्णय," ते म्हणाले. "काय आहे तो? आणि तू... बरी आहेस का गं? मी काही मानलेलं नाही. विचारतोय."

समोर वाडीत चिकूच्या पानांत वारा शिरला होता. वरच्या कड्या करकरल्या, पण पूर्वीसारख्या नाही. पितळेचा तो नाद गेला तो गेलाच, आता नुसता दोर कण्हत होता. सरांच्या ओठांवर सवयीने 'बरं, आईला देतो' येऊन बसलं होतं. त्यांनी ते गिळलं, आणि दोर हातात धरून उत्तराची वाट बघत उभे राहिले.